नको असलेलं पोस्टपेड आणि वसुलीचे फोन: पहिल्यांदाच अडकलेल्यांसाठी

"मॅडम, तीस हजारी कोर्ट से बोल रहा हूँ. आपके नाम पे नोटिस निकला है."

दुपारचे अडीच. साताऱ्यात आत्या नुकती आडवी झाली होती आणि हा फोन. तीस हजारी कोर्ट दिल्लीत आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. मागणी किती, तर 1,413 रुपये. कोर्ट, नोटीस, पोलीस हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर ती पैसे पाठवायला बसलीच होती. पिन टाकायच्या आधी मला फोन केला हे नशीब.

झालं होतं ते असं. काही महिन्यांपूर्वी मोबाइल कंपनीच्या नावानं एका मुलीचा फोन आला होता. "काकू, तुमचं प्रीपेड पोस्टपेड करून देते, पहिल्या महिन्याचं बिल नाही, नाही आवडलं तर बंद करा." आत्या "बघू" म्हणाली आणि आलेला ओटीपी वाचून दाखवला. आपल्याकडे "बघू" म्हणजे "नको", पण कंपनीच्या दफ्तरी ओटीपी म्हणजे "हो". सप्टेंबर 2021 पासून दूरसंचार विभागानं प्रीपेडचं पोस्टपेड नुसत्या ओटीपीवर करायला परवानगी दिली आहे. सोय चांगली आहे, पण आत्यासारख्यांसाठी तोच सापळा झाला. पुढे तिनं दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, जुनं देव्हाऱ्याखालच्या खणात टाकलं, आणि बिलं जात राहिली कुठल्यातरी ईमेलवर.

त्यानंतर ओळखीपाळखीच्या चारपाच जणांची अशी प्रकरणं पाहिली. प्रत्येकाची चूक एकच: ज्याला काही अधिकार नाही त्या वसुलीवाल्याशी तासन् तास बोलायचं, आणि ज्या कंपनीला अधिकार आहे तिला एक ओळ लिहायची नाही. पुढचं सगळं ही उलटी गाडी सुलट करण्यासाठी.

पहिल्या फोनवर काय बोलायचं

फोनवरचा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. वसुलीचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. त्याच्यापुढे एक यादी असते: नाव, नंबर, रक्कम. बिल चुकीचं आहे हे तुम्ही कितीही पोटतिडकीनं सांगा, ते रद्द करण्याचं बटण त्याच्याकडे नाही. त्यामुळे वाद घालू नका आणि रडगाणंही गाऊ नका. एवढंच विचारा: तुमचं नाव काय, एजन्सी कोणती, कोणत्या कंपनीसाठी बोलताय, कोणत्या नंबरचं बिल, किती रक्कम. मग सांगा, "हे बिल मला मान्य नाही, मी कंपनीकडे लेखी तक्रार करते आहे. तुम्हाला जे म्हणायचं ते लेखी पाठवा." आणि ठेवा फोन.

काय बोलायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. आधार, पॅन, जन्मतारीख, ओटीपी काही द्यायचं नाही. "पुढच्या महिन्यात भरते" असं फोन टाळण्यासाठी आपण सहज बोलून जातो, तेही नको, आणि लिहून तर अजिबात नको. पैशाच्या वसुलीचा दावा लावायला 1963 च्या मुदत कायद्यानुसार साधारण तीन वर्षं असतात. त्या मुदतीत तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिलीत, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. थोडी रक्कम भरून तसं लिहून दिलंत तरी तेच. "आत्ता 500 टाका, बाकीचं मी बघतो" हा सल्ला कुणाच्या फायद्याचा आहे ते यावरून कळेल.

आणि फोन मुळात खरा आहे की नाही हेही बघा. "दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, नऊ दाबा" असा फोन ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नावानं आला तर तो शंभर टक्के भामट्याचा. ट्राय ग्राहकांना असे फोन करत नाही आणि कुणाचा नंबरही बंद करत नाही. असे फोन संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत नोंदवता येतात. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

नंबर खरंच तुमच्या नावावर आहे का

आता संगणक किंवा मोबाइल घ्या आणि संचार साथी उघडा. केंद्र सरकारचं हे पोर्टल मे 2023 मध्ये सुरू झालं, आता ॲपही आहे. तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते तिथे दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊच्या वर चालत नाहीत. यादीत अनोळखी नंबर दिसला तर त्यापुढे "हा माझा नंबर नाही" निवडायचं. नंबर तुमचाच आहे पण नको झाला आहे, तर "गरज नाही" असा वेगळा पर्याय आहे. या दोन्हींत घोळ करू नका. स्वतः घेतलेल्या सिमला "माझा नाही" म्हणालात तर पुढे तेच अंगाशी येतं. नोंदवल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपून ठेवा.

इथेच तुमचं प्रकरण कोणत्या जातीचं ते ठरतं. सिम तुम्ही घेतलंच नाही, तर ही कागदपत्रांची चोरी आहे; कंपनीला लिहायचंच, शिवाय पोलिसांतही तक्रार द्यायची. आत्यासारखं अर्धवट हो-नाही करून गळ्यात पडलं असेल, तर भांडण संमतीचं आहे. आणि सिम स्वतः घेतलं, वापरायचं सोडलं, पण बंद करायला सांगितलंच नाही, तर खरं सांगते, तुमची बाजू थोडी लंगडी आहे. सिम खणात टाकलं म्हणून पोस्टपेड बंद होत नाही. भाडं चालू राहतं.

बिल मागवा आणि शेंगा निवडल्यासारखं निवडा

कंपनीकडून सगळ्या महिन्यांची बिलं मागवा. पोस्टपेड कोणत्या तारखेला सुरू झालं? त्यानंतर किती कॉल, किती डेटा वापरला? वापर शून्य असेल तर तीच तुमची सर्वांत मजबूत ओळ. पोस्टपेड घेताना डिपॉझिट भरलं होतं का, आणि ते थकबाकीतून वळतं केलंय का? उशिराचा दंड किती वेळा लावला? न मागितलेल्या जोक्स, क्रिकेट, कॉलर ट्यूनसारख्या सेवा त्यात घुसल्यात का? अशा सेवांसाठी ट्रायच्या 2013 च्या आदेशानुसार ग्राहकाची दुहेरी संमती लागते. ती दाखवा म्हणायचं. चालू असलेल्या सेवा बंद करायला 155223 हा निःशुल्क क्रमांक आहे.

आत्याच्या बिलात पोस्टपेड झाल्यापासून एकही कॉल नव्हता. तीन महिन्यांचं भाडं, जीएसटी, आणि त्यावर उशिराचे दंड.

तक्रार, आणि तिचा डॉकेट नंबर

कंपनीकडे तक्रार करायला 198 हा क्रमांक आहे, फुकट. तो त्याच कंपनीच्या सिमवरून लागतो. सिम बंद पडलं असेल तर ॲप, ईमेल किंवा कंपनीचं अधिकृत दुकान. कसंही करा, तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंद क्रमांक, मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. 2012 च्या ट्रायच्या नियमांनुसार तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. कॉल सेंटरवर "मैंने आपका कन्सर्न नोट कर लिया है" म्हणतात, ती तक्रार नव्हे. नंबर दिला की तक्रार.

तोंडी नोंदवलीत तरी पाठोपाठ एक ईमेल टाकाच. आत्यासाठी लिहिला होता तो थोडा बदलून इथे देते. मराठीत पाठवला तरी चालतो. इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका.

"विषय: मोबाइल क्र. ____ चे पोस्टपेड बिल अमान्य असल्याबाबत, डॉकेट क्र. ____

वरील क्रमांक माझ्या नावावर प्रीपेड होता. दि. ____ रोजी आपल्या प्रतिनिधीच्या फोननंतर तो पोस्टपेड करण्यात आला. शुल्क, अटी आणि बंद करण्याची पद्धत मला सांगितली गेली नाही. त्या तारखेपासून या क्रमांकाचा वापर झालेला नाही. सबब रु. ____ ची मागणी मला मान्य नाही.

कृपया पुढील गोष्टी लेखी द्याव्यात: (1) माझ्या संमतीची नोंद आणि त्या कॉलचे ध्वनिमुद्रण, (2) सर्व महिन्यांची तपशीलवार बिले, (3) डिपॉझिटचा हिशेब. ही जोडणी आजपासून बंद करावी. वाद मिटेपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत आणि माझ्या नावाची थकबाकीची नोंद कोणत्याही क्रेडिट ब्यूरोला देऊ नये. मला वा माझ्या नातेवाइकांना यापुढे वसुली एजन्सीचे फोन आल्यास त्यांची तारीखवार नोंद मी पुढील तक्रारीस जोडेन."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, आणि त्यासाठी आत्याला एक शंभर पानी वही घेऊन दिली. तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरून, काय बोलला. फोनवरच्याला ती सांगायला लागली, "थांबा हं, लिहून घेते, नाव काय म्हणालात?" निम्मे फोन तिथेच तुटायचे.

ऐकलं नाही तर अपील

उत्तर पटलं नाही, किंवा ठरलेल्या मुदतीत आलंच नाही, तर प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी असतो. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, पार तळाशी, बारीक अक्षरात. फी नाही. 30 दिवसांत अपील करायचं, आणि त्यांनी 39 दिवसांत निकाल द्यायचा असा नियम आहे. डॉकेट नंबर नसेल तर अपील होत नाही, म्हणून वर एवढा जीव आटवला.

आत्याचं काम याच पायरीवर झालं. संमतीचं ध्वनिमुद्रण मागितलं होतं ते काही आलं नाही. "सद्भावना म्हणून" बिल माफ केल्याचा ईमेल आला. कसली सद्भावना ते असो. मी तेवढ्यावर न थांबता नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, मागून घेतलं, कारण एजन्सीची यादी लगेच बदलत नाही. नंतर दोनदा फोन आले, तेव्हा त्या पत्राचा फोटो पाठवला आणि विषय संपला.

इथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष 1063 वर आहे. आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षं. "फोनच्या बिलाचं भांडण ग्राहक मंचात चालत नाही" असं कुणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे. 2009 च्या एका निकालामुळे तसं म्हटलं जायचं खरं; सर्वोच्च न्यायालयानं 16 फेब्रुवारी 2022 च्या निकालात मोबाइल ग्राहकाला ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असल्याचं स्पष्ट केलं. एकट्यानं धीर होत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना विचारा.

कागद यायला लागले की

लोक सर्वांत जास्त गडबडतात ते इथे, म्हणून जरा सावकाश.

वकिलाची नोटीस म्हणजे वकिलानं लिहिलेलं पत्र. त्याहून जास्त काही नाही. कोर्टानं ती पाहिलेलीही नसते. पण फेकून देऊ नका. दोन परिच्छेदांत उत्तर द्या: मागणी अमान्य, कारण हे, डॉकेट नंबर हा. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती चिकटवून ठेवा.

लोकअदालतीची नोटीस हा आपल्याकडचा खास प्रकार. राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की कंपन्या हजारोंनी "दाखलपूर्व" प्रकरणं टाकतात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या नावाचा कागद घरी येतो. राजमुद्रा बघूनच माणूस गार पडतो. दाखलपूर्व म्हणजे दावा अजून लागलेलाच नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालच्या या अदालतीत दोघांच्या संमतीनं तडजोड झाली तरच निवाडा होतो. गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही, तुमच्या माघारी निकालही लागत नाही. तरी मी म्हणेन जा. कंपनीचा माणूस तिथे समोरासमोर सापडतो आणि दंड सोडायला पटकन तयार होतो. सही करताना मात्र वाचून करा. त्या निवाड्यावर अपील नाही.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. कागदावर "स्थायी लोकअदालत" असं असेल तर ते प्रकरण निराळं. टेलिफोन ही सार्वजनिक उपयोगिता सेवा धरली जाते, आणि तिथे तडजोड फिसकटली तर स्थायी लोकअदालत स्वतः निर्णय देऊ शकते. तिथे गैरहजर राहू नका.

खरं समन्स कोर्टातून येतं. त्यावर प्रकरण क्रमांक असतो, आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकून किंवा तुमच्या नावानं शोधून ते प्रकरण खरंच आहे का ते बघता येतं. असेल तर हजर व्हा. लेखी म्हणणं मांडायला साधारण 30 दिवस मिळतात. वकील परवडत नसेल तर 15100 ही विधी सेवेची हेल्पलाइन आहे, आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. व्हॉट्सॲपवर आलेलं "अटक वॉरंट"? बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. नुसत्या थकलेल्या मोबाइल बिलासाठी अटक होत नाही.

शिवीगाळ, शेजाऱ्यांना फोन, दारात माणूस

घरात घ्यायचं बंधन नाही. दारातच ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, रोख एक रुपया देऊ नका. धमकी दिली तर पोलीस ठाण्यात जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवा. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 351 धमकीसाठी आहे. वही सोबत न्या.

"रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही" असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो नियम बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीला आहे. मोबाइलच्या बिलाला तो लावायला गेलात तर समोरचा हसेल. मात्र हँडसेट हप्त्यावर घेतला असेल आणि फोन त्या हप्त्यासाठी येत असतील, तर ते कर्ज आहे. तिथे हा नियम ठणकावून सांगा, फायनान्स कंपनीकडे तक्रार करा आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा (14448). कुठल्या पैशासाठी फोन येतोय हे पहिल्याच दिवशी विचारायचं ते यासाठीही.

सिबिल

"सिबिल खराब करू", म्हणजे कर्ज मिळवण्याची तुमची पत बिघडवू, ही धमकी अगदीच पोकळ नसते. मोबाइल कंपन्यांच्या थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात "टेल्को – वायरलेस" अशा नावानं येऊ शकते. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही ब्यूरोंकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागवून बघा. चुकीची नोंद असेल तर ब्यूरोच्याच संकेतस्थळावर वाद नोंदवा. 30 दिवसांत निकाली नाही निघाला तर त्यापुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीला लिहिलेल्या ईमेलची प्रत जोडा.

पैसे खरंच देणं लागत असाल तर

भरा आणि मोकळे व्हा. पण कंपनीच्या ॲपवर किंवा दुकानात. एजंटच्या क्यूआर कोडवर कधीच नाही. कमी रकमेत मिटवायचं ठरलं तर आधी कंपनीच्या ईमेलवरून "एवढ्यात पूर्ण आणि अंतिम" असं लेखी घ्या, मग पैसे, मग नो ड्यूज. आणि बिल बाकी ठेवून नंबर पोर्ट करून (नंबर तोच ठेवून कंपनी बदलून) पळता येईल असं वाटत असेल तर तेही होत नाही. बाकी असताना पोर्टची विनंतीच फेटाळली जाते, आणि पोर्ट झाल्यावर निघालेलं शेवटचं बिल थकवलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडचा नंबरही बंद करायला लावू शकते.

परदेशी निघालेल्यांसाठी

शिकायला जर्मनीला किंवा अमेरिकेला जाणारी मुलं विमानतळापर्यंत पोस्टपेड वापरतात आणि तिकडे उतरून विसरून जातात. मग सांगलीत आईला फोन येतात. निघण्यापूर्वी महिनाभर आधी नंबर प्रीपेड करून घ्या, कारण बँकेच्या ओटीपीसाठी तो जिवंत ठेवावा लागतोच. शेवटचं बिल भरल्याची पावती आईबाबांच्या व्हॉट्सॲपवर टाका. आणि अर्जात पर्यायी संपर्क म्हणून कुणाचा नंबर दिला होता ते आठवून त्या माणसाला सांगून ठेवा, फोन आलाच तर "तो इथे नाही, लेखी पाठवा" एवढंच म्हणायचं.